पाच रुपये दंड आणि पंधरा सेंटिमीटर

बुलढाणा जिल्ह्यातली खरी लोकप्रिय शूटिंग रेंज म्हणजे जत्रेतला फुगे फोडायचा स्टॉल. लाकडी फळीवर ओळीनं लावलेले लाल-पिवळे फुगे, माशी किंचित वाकडी असलेली एअरगन, वाटीत छर्रे आणि गल्ल्यावर बसलेला मालक. गिऱ्हाइकांत धोतरातले आजोबा असतात, नुकतंच लग्न ठरलेला आणि त्यामुळे नेम चुकणं अजिबात परवडणार नसलेला तरुण असतो, शाळेच्या गणवेशातली मुलगी असते आणि लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून आलेला ट्रकवालाही असतो. मालकाचं लक्ष दोनच गोष्टींवर, नळी कुणाकडे आहे आणि पैसे आले का. गिऱ्हाइकाच्या अंगावर काय आहे हे त्याला कुणी विचारलं, तर त्याला प्रश्नच कळणार नाही.

आता हाच खेळ चार भिंतींत न्यावा. वर पक्कं छत, तासाचे पैसे, नोंदणीची वही, भिंतीवर नियमांची पाटी. समजा, एक बाई आपल्या मुलीला घेऊन सरावाला आल्या. शेजारच्या लेनमध्ये एक तरुण उभा आहे आणि त्याच्या टी-शर्टवर बायकांबद्दल काहीतरी घाण लिहिलेलं आहे. बाई काउंटरवर जाऊन म्हणतात, ‘याला काढा, नाहीतर आमचे पैसे परत द्या.’ किंवा उलटंही घडेल. एखादे काका येऊन सांगतील, ‘त्या पोरीची चड्डी फार आखूड आहे, इथं आमची मुलंही येतात.’ तक्रारी दोन आणि दोन्ही कपड्यांबद्दलच्या. काउंटरवरच्या माणसाला दोन्हींचं उत्तर द्यायचं आहे, आणि दोन्ही तक्रारींना एकच उत्तर दिलं तर तो चुकणार हे नक्की.

असली भांडणं पुण्या-मुंबईतच होतात, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं शेगावकडे बघावं. पैसे मोजून आलेल्या माणसांनी दुसऱ्याच्या अंगावरच्या, किंवा खरं तर अंगावर नसलेल्या, कपड्यांबद्दल केलेली तक्रार आणि तिच्यावर झालेला निवाडा या जिल्ह्याच्या आठवणीत शंभराहून अधिक वर्षं आहे.

संत गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात प्रकट झाले असं भक्त मानतात आणि त्यांचं दिगंबर राहणं सर्वांना ठाऊक आहे. दासगणूंनी १९३९ मध्ये लिहिलेल्या ‘श्री गजानन विजय’ या ग्रंथात रेल्वे प्रवासाचा एक प्रसंग येतो. मलकापूरच्या एका भक्ताच्या आग्रहावरून महाराजांना अकोल्याहून मलकापूरला न्यायचं ठरलं. त्यांच्यासाठी डबा मोकळा करून ठेवला होता. महाराज जाऊन बसले बायकांच्या डब्यात. बायका घाबरल्या, तक्रार झाली, रेल्वेची माणसं आली आणि प्रकरण जठार नावाच्या अधिकाऱ्यापुढे उभं राहिलं. शेवटी दंड झाला तो महाराजांच्या सोबत असलेल्या शिष्याला, पाच रुपये.

हा भक्तिग्रंथ आहे, कोर्टाचं दप्तर नव्हे. तरीही ज्या समाजानं ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या पारायणात वाचली, त्यानं तिच्यातला निवाडा पचवलेला आहे, आणि तो निवाडा मोठा शहाणा आहे. जठारांना समोरचा माणूस कोण आहे हे कळत होतं. नग्न राहणं हा त्यांनी गुन्हा ठरवला नाही. पण डब्यातल्या बायकांची तक्रारही त्यांनी मोडीत काढली नाही. देवमाणसाला बघून घाबरता काय, असं म्हणून त्यांना घरी धाडणं त्या काळात फार सोपं होतं. त्यांनी दोष बरोबर जागी ठेवला. ज्यांच्यावर महाराजांना सांभाळून नेण्याची जबाबदारी होती त्यांनी हयगय केली, म्हणून दंड त्यांना.

त्या बायकांची बाजू एका कारणानं भक्कम होती आणि ते कारण नग्नतेपेक्षा डब्यात जास्त आहे. चालत्या गाडीतून कुठं जाणार? तो डबा त्यांच्यासाठीच राखलेला होता. शेगावच्या रस्त्यावर तेच महाराज तशाच अवस्थेत फिरत होते आणि ज्याला बघायचं नसेल त्याला दुसऱ्या गल्लीनं जाता येत होतं. म्हणजे देह तोच, पण जागा बदलली की तक्रारीचं वजन बदलतं. आजच्या कपड्यांच्या वादांत नेमका हाच फरक हरवतो. जो उठतो तो कापड किती हे मोजू लागतो. तक्रार करणारा कुठं अडकला होता, त्याचं काय बिघडलं, हे कुणी विचारत नाही.

कापड मोजायचंच असेल तर ते नेमबाजीच्या खेळाकडून शिकावं. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत कपड्यांवर पानंच्या पानं आहेत. रायफलवाल्यांचं जाड कॅनव्हास-चामड्याचं जाकीट एकेरी थराला २.५ मिलिमीटरहून जाड चालत नाही. ते किती ताठ आहे हे मोजायला वेगळं यंत्र असतं. जाकीट जास्त कडक झालं की ते माणसाला प्लास्टरसारखं धरून ठेवतं आणि मग नेम खेळाडूचा उरत नाही, शिंप्याचा होतो. स्पर्धेनंतर पुन्हा तपासणी होऊ शकते आणि तेव्हा जाकीट नापास झालं तर खेळाडू बाद. पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याच मोजमापांतून गेला. (तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, हा योगायोग इथं नोंदवावासा वाटतो. शेगाव आणि मलकापूर ही स्थानकं त्याच रेल्वेची.)

याच नियमपुस्तकात सभ्यतेचेही नियम आहेत आणि तेही बहुतेक मोजता येणारे. आखूड चड्डी किंवा स्कर्ट घालायचा असेल तर त्याची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून १५ सेंटिमीटरहून वर नको. बिनबाह्यांचा टी-शर्ट नको. जीन्स नको, फाटकी-ठिगळाची पँट नको, लष्करी छापाचे कपडे नकोत, खेळाशी संबंध नसलेला किंवा अनुचित मजकूर अंगावर नको. यातलं प्रत्येक कलम पटेलच असं नाही. निळ्या जीन्सनं नेमबाजीचं काय बिघडतं, हे अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. पण पंधरा सेंटिमीटरच्या नियमाचं एक मोठेपण आहे. तो पंचाच्या डोळ्यात राहत नाही, टेपवर राहतो. मुलगी कोण, कुठल्या गावची, कुणाची, दिसायला कशी, हे टेपला कळत नाही. तक्रार करणारे काका आले की पट्टी लावायची, बसलं तर बसलं, नाही तर नाही. काकांच्या अस्वस्थतेला तिथं गुण नाहीत.

लष्करी छापाच्या कपड्यांवरची बंदी तर आपल्याकडे अधिक समजण्यासारखी आहे. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं म्हणून सैनिकाचा पोशाख घालणं हा भारतात गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड विधानाच्या १४० व्या कलमाखाली आणि आता भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या. तरीही बाजारात हिरव्या-तपकिरी ठिपक्यांच्या पँटी ढिगानं विकल्या जातात, कारण कायदा पँटीला धरत नाही, फसवण्याच्या हेतूला धरतो. हा हेतूचा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

काही कपडे जागाच ठरवते. पिस्तुलातून उडालेलं तापलेलं काडतूस शेजारच्याच्या मोकळ्या गळ्यातून आत गेलं तर तो दचकून वळतो आणि भरलेली नळी त्याच्याबरोबर वळते. म्हणून गळाबंद सदरा आणि बंद बूट घाला असं रेंजवर सांगतात. त्यात सोवळं-ओवळं काही नाही. विदर्भातल्या बायकांना हे वेगळं शिकवायला नको. कपाशी वेचायला जाताना त्या लुगड्यावर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात, डोक्याला फडकं बांधतात. बोंडाच्या टोकांनी हात ओरखडतात, ऊन भाजतं, म्हणून. बाईनं पुरुषाचा सदरा घातला अशी तक्रार घेऊन कुठला काका बांधावर आल्याचं ऐकिवात नाही. नऊवारीच्या काष्ट्यातून पोटऱ्या दिसतात, तेही या भागानं कधी मोजलं नाही. कामाची गरज उघड दिसते तिथं लोक कपड्यावरून वाद घालत नाहीत. गरज संपून नजर सुरू झाली की वाद सुरू होतो.

बुलढाण्याला नेमाचा खेळ परका नाही, फक्त इथं तो बंदुकीपेक्षा धनुष्यानं जास्त गाजला. बुलढाण्याचा प्रथमेश जावकर मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात कंपाउंड धनुष्याच्या अंतिम फेरीत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवून सुवर्णपदक घेऊन आला. श्लोसर तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या सुवर्णविजेत्या सांघिक चमूतही प्रथमेश होता. धनुर्धराला कपड्याचा धाक प्रत्यंचेचा असतो. सैल बाही दोरीत अडकली तर बाण वाकडा जातो आणि हातावर वळ उठतो, म्हणून हातावर कवच आणि छातीवर पट्टा. हे नियम खेळाडूला कुणी समजावून सांगावे लागत नाहीत. दोरी सांगते.

दोरीला ज्याची पर्वा नाही असा नियम लादला की काय होतं, ते २०१६ मध्ये दिसलं. दहा मीटर एअर पिस्तुलात २०१४ साली जागतिक क्रमवारीत पहिली राहिलेली हीना सिद्धू, जन्मानं लुधियानाची आणि मुंबईची सून, तेहरानमधल्या आशियाई एअरगन स्पर्धेतून बाहेर पडली. यजमानांच्या अटीनुसार महिला नेमबाजांनी डोक्याला रुमाल बांधून उतरायचं होतं. परक्या देशातून खेळायला आलेल्या पाहुण्यांवर आपल्या धर्माचा पोशाख लादणं खेळाच्या भावनेत बसत नाही, असं तिचं म्हणणं. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, पुण्याच्या सौम्या स्वामिनाथननं हेच केलं. बुद्धिबळाची २००९ ची ही कनिष्ठ जगज्जेती आशियाई सांघिक स्पर्धेला हो म्हणाली तेव्हा स्पर्धा बांगलादेशात होती. ती इराणमधल्या हमदानला हलवली गेली आणि रुमालाची अट आली, तेव्हा तिनं माघार घेतली.

त्या वेळी महाराष्ट्रात दोघींचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण कौतुक करणाऱ्यांत असेही बरेच होते ज्यांना आपल्या गावच्या देवळावर ‘सभ्य पोशाख’ अशी पाटी लागली तर त्यात काही वावगं दिसत नाही. इराणची सक्ती ती सक्ती आणि आपली ती संस्कृती! तेहरानमध्ये बंदुकीच्या नेमाशी रुमालाचा काय संबंध, हा प्रश्न ज्यांना सुचला, त्यांना बर्म्युडाचा दर्शनाच्या रांगेशी काय संबंध, हा प्रश्न का सुचू नये?

त्या पाट्यांचा इतिहास फार जुना नाही. डिसेंबर २०२० मध्ये शिर्डीत भारतीय संस्कृतीला शोभेल असा पोशाख करा असे फलक लागले. ते उतरवायला निघालेल्या तृप्ती देसाई यांना पोलिसांनी वाटेतच अडवलं. मे २०२३ मध्ये तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिरात बर्म्युडा, हाफ पँट आणि अशोभनीय कपड्यांवर बंदीचा फलक लागला आणि गदारोळ झाल्यावर त्याच दिवशी मागेही घेतला गेला. त्याच महिन्यात महाराष्ट्र मंदिर महासंघानं नागपुरातल्या आणि आसपासच्या चार मंदिरांत वस्त्रसंहिता जाहीर केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या सिद्धिविनायकानंही तोच मार्ग धरला. यात एक गंमत सहज नजरेतून सुटते. ज्या गाभाऱ्यात भक्ताला गुडघा झाकायला सांगतात, त्याच गाभाऱ्यात पुजारी उघड्या अंगानं सोवळ्यात उभा असतो आणि ते उघडेपण पवित्र मानलं जातं. म्हणजे प्रश्न अंग किती उघडं याचा नसतो, कुणाचं उघडं आणि ते कुणी ठरवायचं याचा असतो.

देवस्थानाला आपल्या आवारात काही शिस्त ठेवायचा हक्कच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. चपला बाहेर काढा हा नियमच आहे आणि तो कुणाला अपमान वाटत नाही. पण चपलेचा नियम एका शब्दात सांगता येतो आणि राजा-रंक दोघांना सारखा लागतो. ‘अशोभनीय’ या शब्दाचं माप कुणाकडे आहे? दारावरच्या सुरक्षारक्षकाकडे. तो त्याच्या बायकोला शोभेल ते इतरांना शोभेल असं धरून चालतो. त्याची तरी काय चूक, त्याच्या हातात टेप दिलेलीच नाही.

सरकारलाही हा मोह सुटत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांना जीन्स आणि टी-शर्ट घालून कार्यालयात येऊ नका असं सांगितलं. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांची पाळी आली. बाईंनी साडी नाहीतर दुपट्ट्यासह सलवार किंवा चुडीदार, सरांनी शर्ट खोचून पँट, गडद किंवा नक्षीचं काही नको. संग्रामपूर तालुक्यातल्या शाळेत गळक्या छताखाली चौथीचा वर्ग घेणाऱ्या गुरुजींचा शर्ट आत आहे की बाहेर, याची काळजी मंत्रालयात कुणीतरी वाहत होतं, ही कल्पना तशी हृद्यच आहे.

खेळाच्या मैदानात नियम उलट्या बाजूनंही वेडेपणा करतो. जुलै २०२१ मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघानं बिकिनीऐवजी चड्डी घातली म्हणून संघाला १,५०० युरो दंड झाला. कपडे जास्त घातले, हा गुन्हा! जगभर हसं झालं आणि महासंघानं त्याच वर्षी नियम बदलला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक जलद बुद्धिबळ स्पर्धेत मॅग्नस कार्लसन जीन्समध्ये आला. दोनशे डॉलर दंड, पँट बदलायला नकार, पुढच्या फेरीत जोडी नाही, मग माघार. एक-दोन दिवसांतच महासंघानं नियम सैल केला आणि तो ब्लिट्झ खेळायला परत आला. ती जीन्स नंतर लिलावात ३६ हजार डॉलरहून जास्त किमतीला गेली. कार्लसन जगात पहिला होता म्हणून नियम वाकला. शंभरावा असता तर बहुधा पँट बदलून आला असता.

पहिल्या क्रमांकाचा नसलेल्या खेळाडूच्या वाट्याला काय येतं ते नागपूरच्या दिव्या देशमुखनं सांगितलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथली स्पर्धा संपल्यावर अठरा वर्षांच्या या मुलीनं जाहीरपणे लिहिलं, की प्रेक्षकांचं लक्ष तिच्या खेळापेक्षा तिच्या कपड्यांवर, केसांवर आणि उच्चारांवर असतं, आणि पुरुष खेळाडूंच्या बाबतीत असं होत नाही. इथं नियमभंगाचा संबंधच नव्हता. तिनं घातलेले कपडे सगळ्या नियमांत बसत होते. तक्रार घेऊन उभी होती ती कपडे घालणारी, बघणारा नव्हे. कपड्यांवरच्या तक्रारींत ही जात फार दुर्मीळ आहे, कारण काउंटरवर ती घ्यायला कुणी बसलेलंच नसतं. दीड वर्षानं, जुलै २०२५ मध्ये, जॉर्जियातल्या बातुमीत दिव्यानं कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. त्या दिवशी तिनं काय घातलं होतं, हे आता किती जणांना आठवतं?

कायद्याचं बोलायचं तर बुलढाण्याला लांब जायची गरज नाही. जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या अखत्यारीत येतो आणि याच खंडपीठानं ऑक्टोबर २०२३ मध्ये एक महत्त्वाचा निकाल दिला. नागपूर जिल्ह्यात उमरेडजवळच्या तिरखुरा इथल्या एका रिसॉर्टच्या सभागृहात आखूड स्कर्ट घालून बायका नाचत होत्या. पोलिसांनी धाड घालून अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला. न्यायमूर्ती विनय जोशी आणि वाल्मिकी मेनेझेस यांनी तो रद्द केला. आखूड कपडे घालणं आणि पोलिसांना उत्तान वाटेल असं नाचणं, एवढ्यानं सार्वजनिक अश्लीलता सिद्ध होत नाही, असं खंडपीठानं म्हटलं. कलमाला त्यातून कुणाला तरी खरा उपद्रव व्हावा लागतो. तिथं जमलेल्यांपैकी कुणाची कुरकुर नव्हती, आणि पोलिसांना स्वतःला वाईट वाटलं हे पुरेसं नव्हतं.

जठारांचा निवाडा आणि हा निकाल शेजारी ठेवले तर दिसतं, की दोन्हीकडे प्रश्न तोच विचारला गेला. त्रास कुणाला झाला? डब्यातल्या बायकांना झाला होता आणि त्यांना उठून जाता येत नव्हतं. सभागृहात कुणालाच झाला नव्हता आणि दार उघडं होतं.

आता त्या टी-शर्टवरच्या मजकुराकडे वळायला हवं, कारण खरी गुंतागुंत तिथं आहे. चड्डीची लांबी बोलत नाही. ती काही बोलते असं बघणाऱ्याला वाटतं, तो भाग वेगळा. छातीवरची अक्षरं मात्र बोलण्यासाठीच छापलेली असतात. म्हणून आखूड चड्डी आणि शिवी छापलेला शर्ट यांना ‘आक्षेपार्ह कपडे’ या एकाच मथळ्याखाली घालणं हीच पहिली चूक. एक कापड आहे, दुसरं भाषण. भाषणाला जे लागू ते शर्टाला लागू. एखाद्या जातीला, धर्माला किंवा बायकांना उद्देशून घाण लिहिलेला शर्ट घालून चारचौघांत उभं राहणं म्हणजे तेच वाक्य ओरडत उभं राहणं, फक्त घसा न दुखवता.

तरी हेतू बघावाच लागतो. खामगाव-मलकापूरच्या आठवडी बाजारात दीडशे रुपयांना मिळणाऱ्या टी-शर्टांवर काय इंग्रजी छापलेलं असतं हे विकणाऱ्याला माहीत नसतं, घेणाऱ्याला नसतं आणि बहुधा छापणाऱ्यालाही नसतं. ज्याच्या छातीवर अर्वाच्य शिवी आहे तो पोरगा ती नक्षी समजून लग्नाला घालून जातो. शिवी लागते फक्त इंग्रजी येणाऱ्याला. त्या पोराला गुन्हेगार म्हणणं हा शिकलेल्यांचा माज होईल. त्याला कुणीतरी बाजूला घेऊन, न हसता, अर्थ सांगायला हवा एवढंच. पण अर्थ कळूनही जो तो शर्ट त्याच बायकांसमोर पुन्हा घालून येतो, त्याचा हिशेब वेगळा.

मजकुराचा नियमही मापात बसवता येतो, हे आपल्या निवडणूक कायद्यानं दाखवलं आहे. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचाराला बंदी आहे. शंभर मीटर, म्हणजे चुन्यानं रेघ ओढता येते. रेघेच्या आत पक्षाच्या चिन्हाचा दुपट्टा काढून ठेवायचा, बाहेर आला की पुन्हा गळ्यात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात याहून ढोबळ नियम होता. मतदान केंद्रात कुठलाही ‘राजकीय’ कपडा किंवा बिल्ला नको. २०१० मध्ये एक मतदार घोषणा छापलेला टी-शर्ट घालून आला आणि त्याला अडवलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जून २०१८ मध्ये तो नियम सात विरुद्ध दोन मतांनी रद्द झाला. मतदान केंद्रात घोषणा नकोत हे न्यायालयाला मान्य होतं. मान्य नव्हतं ते हे, की ‘राजकीय’ म्हणजे काय याचं माप राज्यानं सांगितलं नव्हतं आणि ते दारावरच्या माणसाच्या मर्जीवर सोडलं होतं. तुळजापूरचा फलक आणि मिनेसोटाचा नियम एकाच दुखण्यानं गेले.

तक्रार करणाऱ्याची बाजू घेतली जात नाही असं कुणाला वाटेल, तर ते खरं नाही. कपडा म्हणजे नुसतं सूत, त्यानं कुणाचं काय बिघडतं, असं म्हणणाऱ्यानं होळीच्या दिवशी बुलढाणा तालुक्यातल्या पिंपळगाव सराईजवळ सैलानीला जावं. तिथल्या यात्रेत नारळांची होळी पेटते आणि तिच्यात भाविक लिंबू-बिब्ब्यांबरोबर आजारी माणसाच्या अंगावरचे कपडेही टाकतात. कपड्याबरोबर पीडा जळते असा भाव. विवेकवाद्यांना हे पटणार नाही, पटायचं कारणही नाही. पण माणसाच्या मनात कपडा किती खोल रुतलेला असतो हे त्या आगीजवळ उभं राहिलं की कळतं. गणवेश, कफन, लग्नाचा शालू, यातला कुठला कपडा नुसतं सूत आहे? म्हणून शर्टावरच्या शिवीनं जिच्या काळजात चर्र झालं तिला ‘दुर्लक्ष करा’ म्हणणं उद्धटपणाचं आहे. शिवाय रेंजवर ती लक्ष काढूनही घेऊ शकत नाही. पैसे भरून ठरल्या लेनमध्ये, कानांवर मफ घालून, समोर नेम धरून उभी आहे, आणि डाव्या हाताला तो शर्ट. तिथं तिची अवस्था त्या डब्यातल्या बायकांसारखीच.

काकांची तशी नाही. पोरीची चड्डी पंधरा सेंटिमीटरच्या आत आहे, बूट बंद आहेत, गळा बंद आहे, नळी समोर आहे. काकांना फार तर त्यांचं लक्ष त्यांच्या लक्ष्याकडे ठेवायला सांगता येईल, आणि ते त्यांच्या गुणांच्या दृष्टीनंही बरं.

या सगळ्यात काउंटरवरच्या माणसाचं काम दिसतं तितकं कठीण नाही, फक्त त्याला पाटी नीट लिहून ठेवावी लागेल. ‘सभ्य कपडे घाला’ एवढं लिहिलं तर रोज भांडण. बूट बंद, गळा बंद, चड्डीचं माप अमुक, अंगावर कुणाला शिवी नको, असं लिहिलं तर अर्धी भांडणं दारातच मिटतात. उरलेल्यांसाठी जगभरच्या शाळांत आणि मैदानांवर एक फार जुना, फुकटचा उपाय चालतो. पोराला आत बोलवायचं, अर्थ सांगायचा आणि शर्ट उलटा करून घालायला लावायचा. तो ओशाळतो किंवा कुरकुरतो, मग आडोशाला जातो आणि परत येऊन आपल्या लेनमध्ये उभा राहतो. शिवण बाहेर आलेली, मानेवर कंपनीचं लेबल फडफडतंय. बाई एकदा तिकडे बघतात आणि मुलीच्या हातात छर्ऱ्यांची डबी देतात.